घरखर्चाचा हिशेब: वही, पाकिटं, शीट की ॲप? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पगारदार, शेतकरी, रोजच्या कमाईवर चालणारी घरं, सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उदाहरणांतल्या रकमा हिशेब समजावा म्हणून आहेत; त्यांच्या जागी तुमच्या घरचे आकडे घाला.

या सगळ्यात चांगली पद्धत कोणती?

जिच्यात तुम्ही दर आठवड्याला शिल्लक जुळवाल, ती. खर्च लिहून ठेवणं हा अर्धाच हिशेब झाला. जुन्या पेढीवर कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या नोंदी, लिहून झाली की गल्ला मोजून ताळा घेतला जायचा, आणि ताळा जमल्याशिवाय वही मिटत नसत. घरात रोज एवढं करायची गरज नाही, पण आठवड्यातून एकदा हवंच. ताळा नसेल तर वहीत फक्त आठवलेले खर्च उतरतात. बाकीचे गेले कुठे, हे कधीच कळत नाही.

खर्च बहुतेक रोखीत होत असेल आणि हिशेब एकच माणूस ठेवणार असेल, तर वही पुरते. हातात पैसे टिकत नाहीत ही तक्रार असेल तर पाकिटं घ्या. दोघं कमावते असतील आणि दोघांनी नोंदी करायच्या असतील तर शीट, म्हणजे फोनवरचा किंवा संगणकावरचा एक्सेलसारखा तक्ता, बरी. ॲप सगळ्यात सोपं वाटतं, पण ते कुठे चुकतं हे आधी वाचा. खाली दिलं आहे.

वहीत नक्की काय लिहायचं?

दोनशे पानी लांब वही घ्या. डावं पान जमेचं, उजवं खर्चाचं. उजव्या पानावर चार रकाने: तारीख, तपशील, रोख की खातं, रक्कम. एका बुधवारच्या नोंदी अशा दिसतील:

दूध, 2 लिटर, रोख, 128
भाजी, बुधवारचा बाजार, रोख, 340
पेट्रोल, स्कूटर, यूपीआय, 300
शाळेची रिक्षा, जून, यूपीआय, 1,200
मिसळ, चौघं, यूपीआय, 480

तपशिलात नुसतं "बाजार" लिहू नका. दोन महिन्यांनी त्यावरून काहीच उमगत नाही. पैसे सोडून द्या, जवळचा रुपया धरा. लिहायची वेळ एकच ठेवा. रात्री जेवणं आटोपल्यावरची वेळ बहुतेकांना जमते. दुसऱ्या दिवसावर टाकलेल्या नोंदीतून चहा, पार्किंग, रिक्षा हमखास गळतात.

किराणा उधारीवर येत असेल तर माल घरात आला त्याच दिवशी खर्च लिहा आणि वहीच्या मागच्या पानावर "देणे" म्हणून दुकानाचं नाव टाका. पैसे चुकते केले की तिथली रक्कम खोडा. पैसे देतानाच लिहायचं ठरवलं तर जूनचा किराणा जुलैत दिसतो आणि दोन्ही महिने खोटे ठरतात.

महिन्याच्या शेवटी कीर्दीवरून खतावणी करा, म्हणजे दूध, भाजी, किराणा, प्रवास अशा एकेका वर्गाची बेरीज एका पानावर आणा. अर्ध्या तासाचं काम आहे. पुढच्या महिन्याचा अंदाज याच पानावरून बांधायचा.

शिल्लक कशी जुळवायची? आमची कधीच जुळत नाही.

सूत्र एकच: आरंभीची शिल्लक, अधिक जमा, वजा खर्च, बरोबर अखेरची शिल्लक. अखेरची शिल्लक वहीतून काढायची आणि प्रत्यक्ष मोजूनही काढायची.

समजा, मागच्या शनिवारी घरातली रोख आणि खातं मिळून 21,900 रुपये होते. आठवडाभरात जमा काही नाही. वहीत लिहिलेला खर्च 4,760. म्हणजे 17,140 उरायला हवेत. मोजल्यावर रोख 2,150 आणि खात्यात 14,630, एकूण 16,780 निघाले. फरक 360.

आता लगेच "काहीतरी खर्च झाला असेल" म्हणून सोडून देऊ नका. आधी बघा, फरकाला नऊने भाग जातो का. जात असेल तर बहुतेकदा आकडे उलटसुलट लिहिले गेलेले असतात. इथे 360 ला नऊने भाग जातो, म्हणून किराण्याची नोंद तपासली. बिल 510 चं, वहीत 150. फरक सापडला. बँकेतले आणि पेढीवरचे लोक ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत, घरच्या वहीलाही ती तितकीच लागू पडते.

नऊने भाग जात नसेल तर फरकाची निम्मी रक्कम वहीत शोधा. जमेची नोंद चुकून खर्चाच्या पानावर गेली की फरक बरोबर दुप्पट पडतो. तेही नसेल तर खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमा बघा: विम्याचा हप्ता, बँकेचे एसएमएस चार्जेस, डेबिट कार्डची वार्षिक फी, मोबाइलवरची एखादी वर्गणी. आणि शेवटी घरातल्या प्रत्येकाला विचारा, कपाटातल्या पैशांतून कोणी काही घेतलं का.

पंधरा मिनिटांत सापडलं नाही तर "फरक" असं लिहून रक्कम खर्ची टाका आणि नव्या शिल्लकेने पुढे चला. फरकाची वेगळी ओळ ठेवणं मात्र चुकवू नका. ती दर आठवड्याला कमी होत गेली पाहिजे.

वर्ग किती ठेवावेत?

दहा ते बारा. किराणा, दूध-भाजी, घरभाडं किंवा गृहकर्जाचा हप्ता, वीज-पाणी-गॅस, प्रवास, शिक्षण, औषधपाणी, कपडे, बाहेरचं खाणं, देणंघेणं, मोबाइल-इंटरनेट, किरकोळ. तीस वर्ग केले की कोणती नोंद कुठे टाकायची याच विचारात दमछाक होते आणि तिसऱ्या आठवड्यात वही बंद पडते.

"किरकोळ" या वर्गावर डोळा ठेवा. महिन्याच्या एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांवर गेला की तो किरकोळ राहिलेला नसतो. फोडून बघा, आत एखादा वर्ग लपलेला सापडतो. बहुधा बाहेरचा चहा-नाश्ता, नाहीतर मुलांचं शाळेचं सटरफटर.

गॅस आणि विजेचा महिन्याचा आकडा कसा धरायचा?

सिलिंडर लावला ती तारीख कॅलेंडरवर लिहा. तीन सिलिंडर झाले की एक किती दिवस पुरतो ते कळतं. 40 दिवस पुरत असेल तर वर्षाला साधारण नऊ लागतात. नऊची किंमत भागिले बारा. विजेसाठी महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात. एप्रिल-मेचे कूलर-पंख्याचे युनिट धरून वर्षाची सरासरी काढा. त्याच बिलावर लवकर भरल्यास लागू होणारी थोडी कमी रक्कम आणि तिची वेगळी तारीख असते. ती तारीख वहीत लिहून ठेवा.

पाकीट पद्धत म्हणजे काय? आता सगळं यूपीआयवर असताना ती चालते का?

महिन्याच्या सुरुवातीला प्रत्येक वर्गाची ठरलेली रोख वेगवेगळ्या पाकिटांत ठेवायची आणि पाकीट रिकामं झालं की त्या वर्गाचा खर्च थांबवायचा. सगळ्या खर्चाला पाकिटं करू नका. ज्या तीन-चार वर्गांत हात सैल सुटतो, फक्त त्यांना करा: भाजी, बाहेरचं खाणं, कपडे, किरकोळ. महिन्याचे पैसे एकदम न टाकता आठवड्याचे टाका. 6,000 च्या भाजी-दुधाचे चार आठवड्यांचे 1,400 प्रमाणे 5,600 होतात आणि 400 वरच्या दोन-तीन दिवसांना उरतात. हे दोन-तीन दिवस विसरले जातात म्हणूनच पाकिटं 28 तारखेला रिकामी दिसतात.

एका पाकिटातून दुसऱ्यात उसने घेतले तर आत चिठ्ठी टाका: किती, कुठून, कधी. चिठ्ठीशिवाय उसनवारी सुरू झाली की पाकिटं नावालाच उरतात.

यूपीआयवर हेच करायचं तर दुसरं बचत खातं उघडा आणि फोनवरचं यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडा. दर सोमवारी पगाराच्या खात्यातून ठरलेली रक्कम तिथे टाका. ते खातं हेच तुमचं पाकीट. छोट्या खर्चासाठी यूपीआय लाइटही चालतं: एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत पिनशिवाय देता येतात आणि जास्तीत जास्त 5,000 भरून ठेवता येतात. एक लक्षात ठेवा, पासबुकात फक्त भरलेली रक्कम दिसते, त्यातून कुठे किती गेले ते दिसत नाही. तो तपशील ॲपमध्येच बघावा लागतो.

पासबुक आहेच, मग वेगळं लिहायचं कशाला?

पासबुकात बऱ्याचदा दुकानाचं नाव येत नाही, मालकाचं येतं. भेळवाला आणि हार्डवेअरवाला दोघंही नुसती आडनावं म्हणून दिसतात. शिवाय एटीएममधून काढलेले 3,000 ही एकच ओळ असते. पैसे पाठवताना टिपणीच्या जागी "भाजी", "औषध" एवढा एक शब्द टाकायची सवय लावा. ताळ्याच्या वेळी ते शब्दच उपयोगी येतात.

शीट बनवायची तर रकाने कोणते?

पाच: तारीख, रक्कम, खातं, वर्ग, तपशील. एक व्यवहार, एक ओळ. दर महिन्याला नवी शीट काढू नका, वर्षभर एकाच शीटमध्ये खाली खाली लिहीत जा. महिन्यांच्या बेरजा पिव्हट टेबल, म्हणजे शीटमधली वर्गवार बेरजांची सोय, काढून देतं. वर्गाच्या रकान्याला निवडायची यादी लावून ठेवा, नाहीतर एकदा "किराणा", एकदा "किराना" लिहिलं जातं आणि दोन वेगळे वर्ग तयार होतात.

सगळ्यात जास्त फसवणारी चूक आपल्या हाताच्या वळणातली आहे. रक्कम लिहिताना आपण 250/- असं लिहितो. शीट त्याला आकडा समजत नाही, अक्षरं समजते, आणि बेरजेतून ती रक्कम गुपचूप गळते. "रु." जोडलं तरी तेच होतं. रकान्यात फक्त आकडा हवा. दुसरं म्हणजे शीटच्या सेटिंगमधला देश भारत करून घ्या. तो अमेरिका राहिला तर 5/6 ही तारीख 5 जून न होता 6 मे होते.

ॲप एसएमएस वाचून आपोआप नोंद करतं. मग चुकतं कुठे?

तीन ठिकाणी. स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्यात पैसे वळते केले तर ॲप त्याला खर्च धरतं. रोखीतलं त्याला काहीच कळत नाही. आणि वर्ग ते अंदाजाने लावतं, त्यामुळे मेडिकलमधून घेतलेला साबण औषधांत जातो. आठवड्याला दहा मिनिटं नोंदी तपासल्या तर ॲप चांगलं काम देतं. घेण्यापूर्वी दोन गोष्टी बघा: नोंदी फाइल म्हणून बाहेर काढता येतात का, आणि ते फोनमधलं काय काय वाचायची परवानगी मागतं. हिशेबाच्या ॲपला तुमचे फोटो आणि संपर्क लागत नाहीत.

महिना 1 तारखेलाच सुरू करायचा का?

नाही. सातपूर-अंबडच्या बऱ्याच कारखान्यांत पगार 7 ते 10 तारखेदरम्यान होतो. तुमचा महिना 8 ते 7 असा धरा. आणि ओव्हरटाइम धरून अंदाज बांधू नका. ऑर्डर कमी झाली की तो सगळ्यात आधी जातो.

दर महिन्याचं बजेट बसतं, पण जून आणि दिवाळीत सगळं कोसळतं. काय करायचं?

बहुतेक घरांची खरी गळती इथेच आहे, म्हणून हे नीट करा. एका कागदावर वर्षातून एक-दोनदाच येणारे सगळे खर्च मांडा. एका चौघांच्या घराचा कागद असा:

दोन मुलांची फी, वह्या-पुस्तकं: 36,000
विम्याचे हप्ते: 18,000
स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग: 5,400
घरपट्टी-पाणीपट्टी: 4,800
वर्षाचं धान्य, मसाले, पापड-कुरडया: 24,000
गणपती आणि दिवाळी: 15,000
लग्नकार्यातले आहेर: 8,000
दवाखाना: 12,000

बेरीज 1,23,200. भागिले बारा, साधारण 10,270 रुपये. हाती 42,000 येत असतील तर जवळजवळ चौथा हिस्सा दर महिन्याला आधीच कोणाचा तरी आहे. तो बाजूला काढला नाही म्हणून महिन्याचं बजेट "बसतं" असं वाटत राहतं.

ही रक्कम पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात वळती करा. आता यातली खोच. एप्रिलमध्ये सुरुवात केली तर जूनपर्यंत दोनदाच पैसे पडतात, 20,540 होतात, आणि शाळेला तर 36,000 हवेत. मग लोक म्हणतात, पद्धत चुकीची आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक खर्चाला बाराने न भागता त्याच्या तारखेपर्यंत उरलेल्या महिन्यांनी भागा, किंवा दिवाळीच्या बोनसमधून सुरुवातीची भर टाका. दुसऱ्या वर्षापासून गाडी रुळावर येते.

धान्याचं म्हणाल तर चार माणसांच्या घराला साधारण दोन क्विंटल गहू लागतो. तो एप्रिल-मेमध्ये घेतला, इगतपुरीकडचा तांदूळ आणि तूरडाळ वर्षाची भरली, की त्या महिन्याचा किराणा भयंकर दिसतो. हा खर्च महिन्याच्या किराण्यात लिहू नका, वार्षिक खात्यातून वजा करा. नाहीतर मे महिना उधळपट्टीचा आणि पुढचे दहा महिने काटकसरीचे भासतात, आणि दोन्ही खरं नसतं. घरपट्टीला महापालिकेची आगाऊ भरणाऱ्यांना सवलत असते, एप्रिलमध्ये सगळ्यात जास्त. ती तारीख कागदावर हवी.

दरवर्षी न येणाऱ्या खर्चांचं काय?

हे वार्षिक कागदातूनही निसटतात. अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 मध्ये 17 मेपासून अधिक ज्येष्ठ. जावयाचं धोंड्याचं जेवण, अनारसे, चांदीची एखादी वस्तू, लेकीला साडी, असं 10,000 चं ठरत असेल तर महिन्याला 310-315 रुपये बाजूला टाकणं जड नाही.

आणि नाशिककरांना सिंहस्थ. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्नानाच्या पर्वण्या आहेत, आणि पंचवटीत किंवा नाशिकरोडला घर असलेल्यांना पाहुण्यांची कल्पना असेलच. आठ माणसं चार दिवस, म्हणजे बत्तीस माणसांचं दिवसभराचं जेवणखाण. माणशी दिवसाला 200 धरले तर 6,400, शिवाय जादा सिलिंडर, दूध, पिण्याच्या पाण्याचे जार. पर्वणीच्या दिवशी गाड्या लांब थांबवतात, त्यामुळे किराणा आठवडाभर आधी भरून ठेवावा लागतो. पैसेही आधीच लागतात.

50-30-20 चा नियम आपल्याकडे चालतो का?

हाती आलेल्या रकमेतले 50 टक्के गरजा, 30 टक्के हौस, 20 टक्के बचत, असा तो नियम. अमेरिकेत एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया यांनी 2005 साली मांडला. आपल्याकडे गावी आईवडिलांना पैसे पाठवायचे, मुलांची फी, घराचा हप्ता धरला की 30-35 हजारांच्या घरात गरजाच 70 टक्क्यांवर जातात. तेव्हा टक्केवारीसाठी स्वतःला दोष देत बसू नका. त्यातली एकच गोष्ट उचला: बचत शेवटी उरेल ती नाही, आधी काढायची. पोस्टाचं आवर्ती ठेव खातं महिना 100 रुपयांपासून सुरू होतं, पाच वर्षांचं असतं. हप्ता चुकला तर दर शंभरामागे महिन्याला एक रुपया दंड लागतो, म्हणून निभेल एवढ्याच रकमेचं काढा.

आमची शेती आहे, दरमहा पगार नाही. बजेट कसं करायचं?

आधी दोन खाती: एक शेतीचं, एक घराचं. कांद्याची, द्राक्षाची सगळी पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, शेतीच्या खात्यात. खतं, औषधं, मजुरी, डिझेल तिथूनच. घराला त्या खात्यातून दर महिन्याच्या 1 तारखेला ठरलेला "घरपगार" द्यायचा.

किती? मागच्या तीन वर्षांचं, सगळा शेतीखर्च वजा जाता उरलेलं उत्पन्न काढा. समजा 4 लाख 80 हजार, 6 लाख 30 हजार आणि 3 लाख 60 हजार. सरासरी धरू नका, सगळ्यात कमी वर्ष धरा: 3 लाख 60 हजार भागिले बारा, महिना 30,000. चांगल्या वर्षी वर राहिलेलं शेतीच्या खात्यात वाईट वर्षासाठी पडू द्या.

निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांनी एक ध्यानात ठेवावं. द्राक्षाचे पैसे जानेवारी ते एप्रिलमध्ये येतात आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर फवारण्या, डिपिंग (घड औषधात बुडवणं), मजुरी यांचा खर्च एकदम उसळतो. नेमकी तेव्हाच दिवाळी असते. म्हणून ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांचा घरपगार मेमध्येच घराच्या खात्यात मुदत ठेव करून टाका. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत ठेवणाऱ्यांनी चाळीतला माल हे पैसे धरू नयेत. सड आणि वजनातली घट जाऊन पट्टी हातात येईल तेव्हाच जमा लिहा. पीककर्जाची रक्कमही जमेच्या पानावर उत्पन्न म्हणून घेऊ नका, ते देणं आहे.

रिक्षा, भाजीची गाडी, रोजची कमाई असेल तर?

सगळं दिवसावर आणा. गाडीचा हप्ता 7,800 आणि महिन्यात धंद्याचे दिवस 26, म्हणजे रोजचे 300 आधी वेगळे. त्यानंतर इंधन किंवा दुसऱ्या दिवसाच्या मालाचं भांडवल. जे उरलं ती खरी कमाई. 30 दिवसांनी भागू नका. सुट्टी, आजारपण, बंद यात चार दिवस जातातच.

भिशीचे पैसे खर्चात लिहायचे की बचतीत?

दोन्हीत नाही. बारा जणींची 2,000 ची भिशी असेल तर दर महिन्याला भरलेले 2,000 हे "येणे". चौथ्या महिन्यात तुमची भिशी लागली, 24,000 हातात आले, तर त्यातले तुमचे स्वतःचे 8,000 आणि उरलेले 16,000 पुढच्या आठ महिन्यांचं देणं. पूर्ण 24,000 जमा म्हणून खर्च केले की पुढचे हप्ते जड जातात. तुमची भिशी शेवटी लागणार असेल तर तेवढे महिने पैसे फक्त विश्वासावर आहेत, हे ओळखूनच रक्कम ठरवा.

क्रेडिट कार्डचा खर्च कधी लिहायचा?

वस्तू घेतली त्या दिवशी. बिल दर 20 तारखेला निघत असेल तर 22 जूनची खरेदी 20 जुलैच्या बिलात येते आणि भरायची वेळ ऑगस्ट उजाडल्यावर. जूनमध्ये लिहिलेली रक्कम ऑगस्टमध्ये बिल भरताना पुन्हा लिहू नका. बिल भरणं ही फक्त वळती. दोनदा लिहिली जाणं ही शीटमधली फार नेहमीची चूक आहे. आणि "किमान देय" एवढंच भरू नका. अनेक कार्डांवर उरलेल्या रकमेला महिन्याला 3 टक्के किंवा त्याहून जास्त व्याज लागतं, त्यावर जीएसटी, आणि नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं.

दोघं कमावतो. घरखर्चाची वाटणी कशी करावी?

निम्मं-निम्मं करू नका, पगाराच्या प्रमाणात करा. एकाचे 40,000, दुसऱ्याचे 25,000 आणि सामाईक खर्च 39,000 असेल तर प्रत्येकाने आपल्या पगाराचे 60 टक्के द्यावेत: 24,000 आणि 15,000. उरलेल्यातून कोणी काय घेतलं याचा जाब एकमेकांना विचारायचा नाही, हे आधीच ठरलेलं बरं. घरात सासूबाई किंवा सासरे पेन्शनीतून भाजी-दूध आणत असतील तर तेही वहीत येऊ द्या, नाहीतर घर खरोखर कितीत चालतं ते कळत नाही.

मध्येच दोन महिने लिहायचं राहिलं. मागचं भरून काढायचं का?

नाही. आठवून लिहिलेल्या नोंदी अंदाज असतात. आज रोख आणि खाती मोजा, वहीत आडवी रेघ मारा, आजची शिल्लक लिहा आणि पुढे सुरू करा. त्या दोन महिन्यांत एकूण किती गेले एवढा एक आकडा शिल्लकेवरून निघतो, तो पुरे.

जुन्या वह्या किती वर्षं ठेवायच्या?

निदान तीन. वर्षाचा कागद मांडताना मागच्या एप्रिलचा गव्हाचा भाव, जूनची फी, दिवाळीचा किराणा हे सगळं तिथेच सापडतं. फ्रिज, मिक्सर, पंप यांची बिलं वॉरंटी संपेपर्यंत वहीच्या मागच्या कव्हरला पाकीट चिकटवून त्यात ठेवा. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्या बिलांचा फोटो किंवा झेरॉक्स वस्तू घेतली त्याच दिवशी काढून ठेवा.